दोन पिढ्यांचा काळा कोट

मित्रांनो, मी एक जुना काळा कोट आहे. लग्नातला नव्हे, वकिलाचा. गोंदियाच्या बाजारातल्या केशोराव शिंप्याने मला शिवले, तेव्हा केवळराम नुकतेच वकील झाले होते. त्यांच्या घराण्यातले ते पहिलेच. माप देताना त्यांनी छाती इतकी फुगवली, की पुढे मी त्यांना कायम थोडा सैलच झालो.

त्यांच्या अंगावर मी पुष्कळ खटले पाहिले. एखादा गरीब माणूस सुटला की लोक त्यांना हात जोडत, आणि मला उगीच वाटे की मलाच जोडत आहेत. मग केवळराम थकले. मला डांबराच्या गोळ्यांबरोबर पेटीत टाकले. वर्षे गेली, कोणी ऊन दाखवले नाही. कसरीने माझे अस्तर खाल्ले. आता आपले संपले, असे मी धरून चाललो होतो.

पण त्यांची मुलगी दीप्ती वकील झाली. वडील म्हणाले, नवा शिवून घे. तिने मलाच बाहेर काढले, उन्हात टाकले आणि आपल्या मापाचे करून घेतले.

तिच्या अंगावर पाहिलेला एक खटला तुम्हाला सांगायलाच हवा.

तिरोड्याकडचा लोकेश रायपूरला बांधकामावर होता. धानकापणीसाठी तो बसने गावी येत होता. हमरस्त्यावरच्या एका नाक्यावर पोलिसांनी बस थांबवली. सामानाच्या फळीवर गांजाची बॅग निघाली. ती कोणाची, कोणी बोलेना. पोलिसांनी लोकेशला खाली उतरवले. जामीन मिळाला नाही. दोन दिवाळ्या त्याने तुरुंगात काढल्या. त्याच्या बाजूने दीप्ती उभी राहिली.

त्याच नाक्यावर त्याच आठवड्यात एका बड्या घरच्या मुलाच्या खिशात गांजाची पुडी सापडली होती. शिकते पोरगे आहे, आयुष्य खराब होईल, असे म्हणून त्याला दम देऊन सोडले. लोकेशचे वयही तेवढेच होते.

एकदा कोर्टाबाहेरच्या टपरीवर वकिलांचा वाद रंगला. काही देशांत गांजा खुला झाला आहे, मग इथे करावा की नाही? लोकेशची आई रुक्माबाई बाजूच्या बाकावर ऐकत बसली होती. तिला कोणी विचारले नव्हते, तरी ती बोलली.

"खुला होवो का बंद राहो, धरतीन त आमालेच."

दीप्ती चहा अर्धा टाकून उठली. तिचे खांदे मला त्या दिवशी दगडासारखे लागले.

नाक्यावरचा हवालदार साक्षीला आला, तेव्हा तिने आवाज मुळीच चढवला नाही. बसमधल्या सगळ्यांची झडती घेतली का, असे तिने विचारले. तो नाही म्हणाला, संशय आला त्याचीच घेतली.

"बॅग लोकेशची आहे, असं कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"मग संशय कशावरून आला?"

खोटे बोलायचे हवालदाराच्या जिवावर आले असावे.

"कपडे मजुराचे होते, मॅडम."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. बॅग त्याचीच, असा पुरावाच नव्हता; निकालात लोकेश निर्दोष सुटला.

त्या दिवशी गर्दीत दाराच्या कडीला अडकून माझी बाही उसवली. रुक्माबाई तांदळाच्या गिरणीत पोती शिवायची. दाभण तिच्या बटव्यातच असे. "थांब बाई, शिवून देतो," म्हणत तिने व्हरांड्यातच पोती शिवायच्या जाड पांढऱ्या दोऱ्याने चार टाके घातले. काळ्यावर पांढरे, लांबूनही दिसतात. दीप्तीने ते आजवर बदलले नाहीत. मोठ्या वकिलांचे गुळगुळीत कोट माझ्याकडे पाहतात, तेव्हा मी ती बाही मुद्दाम पुढे करतो.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू पेटीत कुजू देऊ नका. तिला ऊन दाखवा, टाका घाला, वापरा. आणि एवढे ऐका. मी स्वतः कपडा आहे, म्हणून खात्रीने सांगतो: कपड्यावरून माणूस कळत नाही.