गाडीचा साज

घरचे बैल गेले, पण आमच्या बुढ्याचा पोळा काई सुटला नाई. प्रफुलनं, आमच्या पोरानं, बापाच्या नावावर नवी गाडी घेतली, अन् पोळ्याले बुढ्यानं हट्टच धरला: नवा बैल बिनसाजाचा दारात उभा करतेत काय? पोरगा समजावत होता, बाहेरचे लाइट बसवाले आतली वायर कापा लागते, मंग कंपनीची वारंटी जाते. हे रुसले. ताटावरून उठून गेले. बुढा कसला, लेकरूच! शेवटी प्रफुलनं सोताच्या हातानं वायर जोडली, रंगीत लाइट बसवले, मोठा हॉर्न बसवला. सिंदीच्या बाजारातून गाडी फिरली तवा हे नवरदेवासारखे बसले होते. मीई हसली होती.

दिवाळीच्या आधीच प्रफुल तापानं गेला. अजूनई ताटं वाढताना माहा हात चुकते.

सून सपना मंग गाडी शिकली. गावातल्या मास्तरणीयले वर्ध्याले नेते-आणते, त्याच्यावरच घर चालते. परवा बोनेटातून धूर निघाला अन् गाडी रस्त्यातच बंद पडली.

आम्ही तिघं कंपनीच्या वर्कशॉपात गेलो. तिथल्या माणसानं जळकी वायर दाखवली. जोड दिला तिथूनच जळली, म्हणे, हे वारंटीत बसत नाई. सपनाचं तोंड एवढंसं झालं. तिले पाहून त्याले दया आली असन. हळूच म्हणाला, पोरानं मालकाले न इचारता केलं असं सांगा, मी वर बोलून पाहतो.

मेलेल्याले काय लागते त्याचं? म्या यायले कोपरानं ढोसलं. हे जळक्या वायरीकडं पाहत राह्यले.

"तो नाईच म्हणत होता," हे म्हणाले. "म्याच करायले लावलं."

झालं, वारंटी गेली. काढलेले लाइट त्या माणसानं पिशवीत घालून देल्ले. बसस्टँडवर ती पिशवी मांडीवर घेऊन हे बसले. माह्या अंगाची नुसती आग होऊन राह्यली होती. सुनेच्या पोटावर पाय देल्ला, असं तोंडावर म्हणणारच होती.

तेवढ्यात सपना यायच्याजवळ येऊन बसली.

"बाबा, लाइट लावताना त्यायले म्या टोकलं होतं. ते म्हणाले, वारंटी जाऊ दे, बाबा जेवतीन त खरं."

यायनं पिशवीत तोंड खुपसलं. मी यायच्या दुसऱ्या बाजूले जाऊन बसली.