मुकादमाचा खेळ

"मुकादम असा न्हाई चालत," शरणम्मा म्हणाली. "डावा पाय जरा वढ. अन् बोलायच्या आधी खाकर."

नऊ वर्षांच्या राजेश्वरीने आजीचा पंचा डोक्याला गुंडाळला होता. तिने डावा पाय ओढला, घसा खाकरला आणि हातातली काठी धाकट्या सिद्धूच्या पाठीला टेकवली. सिद्धू जमिनीवर फतकल मारून बत्त्याने चिंचोके फोडत होता. चिंचोके म्हणजे खडी, आणि कडेला फडक्यात गुंडाळून ठेवलेलं लाटणं म्हणजे त्याचं तान्हं बाळ.

"ए बाई! सरकार काय तुला बसून खायला घालतंय?" राजेश्वरी खेकसली.

शरणम्मा मनापासून हसली. आता जमलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीला पोरं लातूरहून शिरूर अनंतपाळला आली आणि मागोमाग पावसाने जी झड लावली ती उघडायचं नाव घेईना. गल्लीत पोटरीएवढा चिखल. माळवद गळत होतं, त्याखाली ठेवलेली पातेली भरली की ओतायची आणि परत ठेवायची. गजगे खेळून झाले, सोंगट्या झाल्या, ज्वारीच्या लाह्या खाऊन झाल्या. शेवटी सिद्धूने भोकाड पसरलं, "मला उदगीरला जायचंय, आबाकडं! तिथं टेप हाय, गाणे लावता येतेत!"

उदगीरचे आबा म्हणजे मलप्पा, सूनबाईचे वडील. ते नाव ऐकलं आणि शरणम्माचा भाकरी थापता हात थांबला.

"आबाची लई हौस हाय व्हय?" ती म्हणाली. "या हिकडं. टेपापरीस भारी खेळ शिकवते तुमाला."

बहात्तरच्या दुष्काळात ती मुरुडजवळ माहेरी होती आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. धाकटी लेक गुरम्मा बाभळीला बांधलेल्या झोळीत असायची. एका दुपारी टँकर आला, शरणम्माला घागर भरून मिळाली. पोर रडून रडून निळी पडली होती, म्हणून ती काम टाकून पाणी पाजायला उठली. मुकादम पाय ओढत आला, खाकरला आणि त्याने ती घागर लाथेने उलटी केली. बघता बघता मातीने पाणी पिऊन टाकलं. शरणम्माने पदर त्या चिखलात बुडवला आणि पोरीच्या ओठांवर पिळला. चार-आठ दिवसांत गुरम्मा हगवणीने गेली. त्या पाण्याने गेली की आणखी कशाने, हे शरणम्माने कुणाला विचारलं नाही. दोष द्यायला तिला मुकादम पुरेसा होता.

पुढे नवरा वारला. लेकाची, बसवंतची सोयरीक थोरल्या दिराने परस्पर उदगीरला ठरवली. भर मांडवात मागे कुणीतरी खाकरलं आणि शरणम्माच्या अंगावर काटा आला. वळून बघते तर व्याही. त्याने दोन्ही हात जोडले, "शरणार्थ, ईनबाई," असं हसून म्हणाला आणि पुढच्या पाहुण्याकडे गेला. त्याने तिला ओळखलंसुद्धा नव्हतं. लाथ मारल्याचं दुःख तिने एक वेळ गिळलं असतं. हे गिळवेना.

पोराच्या संसारासाठी ती गप्प राहिली. लातूर वेगळा जिल्हा झाला, बसवंतची बदली नव्या कचेरीत झाली, सासऱ्याच्या आधारानेच त्याने तिथे बिऱ्हाड मांडलं. सणावाराला मलप्पाच्या ताटात तीच वाढत होती. आता पुराने एसटी बंद होती; नदीचं पाणी उतरलं की तोच पोरांना न्यायला येणार होता. त्याआधी शरणम्माला खेळ पक्का बसवायचा होता. मुकादमाचं नाव तिने पोरांना सांगितलं नाही. चाल तेवढी शिकवली.

एसटी सुरू झाली त्याच दिवशी मलप्पा दारात उभा राहिला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात चिवड्याचा पुडा.

"काय करून राहिले माझे वाघ?"

"खेळ बसवलाय त्यांनी. बसा, बघा की," म्हणत शरणम्माने पाट सरकवला.

पोरं हरखली. सिद्धू चिंचोके फोडायला बसला. राजेश्वरी पंचा बांधून पाय ओढत आली. मलप्पा आधी खो खो हसला, मांडीवर थाप मारली. सिद्धू बाळाकडे पाणी घेऊन निघाला. राजेश्वरी खाकरली आणि तिने तांब्याला लाथ घातली.

"कामाच्या वक्ताला लेकराला पाणी पाजतीस? ऊठ!"

पाणी वाहत मलप्पाच्या पायापर्यंत गेलं. सिद्धूने फडक्याचं टोक त्यात भिजवून लाटण्यावर पिळलं. मलप्पाचं हसू जागच्या जागी विरलं. त्याच्या घशात खाकर आली होती, ती त्याने दाबून धरली.

"आबा," सिद्धू एकदम म्हणाला, "तुमी बी असंच चालता की!"

राजेश्वरीने आबांच्या डाव्या पायाकडे बघितलं. मग सावकाश डोक्याचा पंचा सोडला.

"त्या कामावर तुमी व्हता, ईनबाई?" मलप्पाने विचारलं.

"हाव. ती घागर माझी. ते लेकरू बी माझंच. जगलं न्हाई."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. काही सापडतंय का ते शोधत होता. मग त्याने मान हलवली.

"लई घागरी लाथाडल्या म्या तवा. तुमची कोन्ती, ध्यानात येईना. खोटं कशाला बोलू?"

तो कानावर हात ठेवील, ओरडेल, नाहीतर पाया पडेल, असं सगळं तिने मनात कितीदा घोळवलं होतं. हे कधी तिच्या मनात आलं नव्हतं.

"गुरम्मा नाव व्हतं तिचं," ती म्हणाली. "म्हना."

"लेकरांसमोर, ईनबाई..."

"लेकरांसमोरच म्हना."

"गुरम्मा," तो पुटपुटला.

"ऐकू न्हाई आलं."

"गुरम्मा!"

मलप्पा उठला. त्याने सिद्धूकडे हात केला, पण सिद्धू आजीच्या लुगड्यामागे सरकला. राजेश्वरी भिंतीकडे तोंड करून उभी होती. चिवड्याचा पुडा पाटावर ठेवून तो बाहेर पडला. शरणम्माने त्याला चहाला थांबा म्हटलं नाही. चिखलातून पाय ओढत चाललेली ती पाठ तिने वळणापर्यंत डोळे भरून बघितली. तिला वाईट वाटलं नाही.

दिवेलागणीला तिने पोरांना गरम भाकरी आणि पिठलं वाढलं. कुणी गोष्ट मागितली नाही.

"आजी," राजेश्वरीने खाली मान घालूनच विचारलं, "आत्या केवढी व्हती गं?"

"नुकती धरून हुबी राहायला लागली व्हती," म्हणत शरणम्माने जमिनीपासून हात वर धरला. "एवढी."

मग तिने हात थोडा खाली घेतला. बघितलं, आणि परत जरा वर नेला. पोरं घास धरून त्या हाताकडे बघत राहिली. तिला तो कुठे थांबवावा ते कळेना.