टीमची सरासरी पाच

सँडीफोर्ड या आयरिश उपनगरातल्या त्या कार्यालयात सकाळचा उजेड कधी घाई करत नसे. आधी तो समोरच्या इमारतीच्या काचांवर पातळ दुधासारखा साचे. मग लुआस ट्रामच्या रुळांवरून, ओल्या पार्किंगवरून सरकत तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी येई, पडद्याच्या पट्ट्यांतून आत झिरपे आणि समुपदेशनाच्या खोलीतल्या दोन खुर्च्यांपैकी रिकाम्या खुर्चीवर अलगद टेके. तिच्या हातांवरचं झिजलेलं कापड, तिपाईवरचा टिश्यूंचा डबा, पाण्याचा ग्लास अशी एकेक वस्तू तो सावकाश उजळत जाई. पहिला क्लायंट नऊला येई. समुपदेशक गंधार आठलाच येऊन हा उजेड पाहत बसे. त्या तासात त्याला कुणी काही सांगत नसे.

आज मात्र मेल आली होती. दर पंधरवड्याला प्रत्येक समुपदेशकाने एका अनुभवी वरिष्ठापुढे बसायचं आणि जे ऐकलं त्याचं ओझं तिथे उतरवून ठेवायचं, हा सुपरव्हिजनचा तास या महिन्यापासून बंद. त्याऐवजी ध्यानाचं ॲप आणि किचनमध्ये फळांची टोपली.

त्या टोपलीपाशी त्याची सहकारी यामिनी उभी होती.

"ये रे, केळं घे. लोकांचं ऐकून झालं की सोलायचं."

"हसू नकोस, यामिनी."

"मग काय रडू? रडायचा तास तर काढून टाकला त्यांनी. महिन्याचा फॉर्म भरलास?"

"भरला. चार आले."

"दर महिन्याला बरे चारच येतात तुझे!"

गंधार ओशाळला. क्लायंटना द्यायची ताण मोजणारी तीच प्रश्नावली समुपदेशकांनाही दर महिन्याला भरावी लागे, आणि कुठल्या उत्तराला किती गुण हे त्या सगळ्यांना तोंडपाठ होतं. दहाच्या वर गेलो तर काम काढून घेतील, मग इथे राहायच्या परमिटचं काय, या धास्तीने जो तो बेताचा आकडा जुळवत असे.

"मी या वेळी खरं लिहिलं," यामिनी हलकेच म्हणाली. "सोळा आले."

"मग?"

"मग काय, ॲपचा पासवर्ड आला."

गंधार तडक निघाला. मीटिंगमध्ये पाणी मागायलाही संकोचणारा तो, व्यवस्थापक फिओनाच्या खोलीत दार न ठोठावता शिरला.

"क्लायंटचे सोळा आले तर आपण तासाभरात फोन करतो," तो म्हणाला. "यामिनीला तुम्ही पासवर्ड पाठवलात! आम्ही काय नळ आहोत, नुसतं वाहून न्यायला?"

फिओनाने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. "हे बघ. टीम नऊ जणांची. सरासरी पाच. तुझे वर्षभर चार. इतकी ठणठणीत माणसं असताना सुपरव्हिजन हवीच, असं मी वरच्यांना कशाच्या जोरावर सांगणार होते?"

"खोटे आहेत ते आकडे! रोज सहा जणांची दुःखं ऐकणाऱ्याचे बाराही महिने चार येतात, हे तुम्हाला विचित्र वाटलं नाही? की वाटून घ्यायचंच नव्हतं? जिने खरं लिहिलं, तिचं काय केलंत?"

फिओनाने स्क्रीन परत वळवली. मग म्हणाली, "यामिनीच्या बाबतीत चुकलंच माझं. तिला आत्ता बोलावते. आणि तू? तू ठीक आहेस ना?"

"ग्रँड," ठीक असल्याचं ते इथलं ठरलेलं उत्तर त्याच्या तोंडून निघून गेलं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. फिओनाने ऐकलं आणि त्याच्याकडे पाहिलं. "तुझे नऊचे क्लायंट आलेत. बायको गेलीय ना त्यांची? पाठवू आत?"

त्याला 'हो' म्हणायचं होतं. मागच्या आठवड्यात तो वृद्ध माणूस तासभर हुंदके देत होता आणि गंधार योग्य त्या जागी मान डोलावत होता.

"नको," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाकडे पाठवा."

"का?"

गेले दोन महिने समोर कुणी रडलं, तरी गंधारला काहीच वाटत नव्हतं.