डोळा परक्याचा, मूळ माझं

मित्रांनो, मी रानबोर. लोक मला बोराटी म्हणतात. वैरागजवळ रावजीच्या मुरमाड बांधावर मी आपली आपण उगवले. ना कुणी लावलं, ना कुणी तांब्याभर पाणी घातलं. माझं मूळ खोल जातं, म्हणून पाऊस नसला तरी मी फळते. बोरं बारकी, आंबटगोड. आणि राग? तोही मुळाएवढाच खोल, हे आधीच सांगून ठेवते.

बाहत्तरच्या दुष्काळात रावजीच्या शेतात कुसळ उगवलं नाही. तेव्हा त्याची आई सारजाबाई माझी बोरं वाळवून कुटायची आणि पोरांना खाऊ घालायची. पाला शेळ्यांनी खाल्ला. मी हात आखडला नाही.

पुढे पाऊस झाला, विहिरीला पाणी आलं, आणि रावजीला बाजारात अंड्याएवढी बोरं दिसली. तो कोयता घेऊनच आला.

"अरं, दुस्काळात हिनं पोरं जगवली. हिला तोडू नगं," सारजाबाई म्हणाली.

"आई, ही आंबटढोण बोरं आता कोण खातंय?"

गरज सरो, वैद्य मरो! त्यानं मला बुंध्यापाशी कापलं. नवी फूट आली, तर तिच्यात कलमी बोरीचा डोळा, म्हणजे तिच्या फांदीवरचा कोंब, बसवला आणि बाकीची फूट ओरबाडून टाकली. आयत्या बिळावर नागोबा! जमिनीतून पाणी ओढायचं मी आणि फळायचं तिनं. लोक म्हणायचे, "रावजी, बोरं लई गोड हायती की." माझं नाव कुणी काढलं नाही. मला माझी बोरं परत हवी होती. दर पावसाळ्यात मी खालून फूट काढायची आणि तो ती छाटायचा. मी वाट बघत राहिले.

मग त्याची सून गरोदर राहिली. रावजी हरखला. म्हणाला, "नातवाचं बोरन्हाण ह्याच झाडाच्या बोरांनी करायचं. तवर ह्याला कोयता लावायचा न्हाय."

वेडा! त्या कोयत्यावरच त्याची कलमी जगत होती. मला हेच हवं होतं. सगळं पाणी मी माझ्याच फांद्यांना दिलं. पौषापर्यंत कलमी फांदी वाळून गेली.

नातू झाला, त्याच्या कौतुकात रावजी बांधाकडे फिरकलाच नव्हता. संक्रांतीला गावाला बोलावणं करून तो टोपली घेऊन आला आणि वाळक्या फांदीवर मोठी बोरं शोधू लागला. दुसरी बोरं आणायला वेळ नव्हता. बाळाच्या डोक्यावरून माझीच बारकी बोरं ओतली गेली आणि पोरांनी मिटक्या मारत वेचून खाल्ली. दुसऱ्या दिवशी सारजाबाईनं बांधावर येऊन मला सगळं सांगितलं. ती तिथं बायकांना म्हणाली होती, "बरं झालं की. ती मोठी बोरं लेकराच्या टाळूला लागली असती." सगळ्या हसल्या. रावजी तेवढा मान खाली घालून बसला होता.

आता तो मला आळं करतो, गोड बोलतो. मित्रांनो, ज्यानं दुष्काळात जगवलं त्याला सुकाळात विसरू नका. विसरलात, तर सगळेच माफ करतात असं समजू नका. माझे काटे जोडीनं असतात, एक सरळ, एक वाकडा. सरळ टोचतो, वाकडा सोडत नाही. सारजाबाई आली की मी फांदी वाऱ्यानं खाली वाकू देते. रावजीनं हात घातला, की दोन्ही काटे त्याचेच.