नववी पायरी

मिस्त्रींनी बायकोला शब्द दिला होता की सुट्टीचे पाच दिवस हत्याराला हात लावणार नाही. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या माणसाने असा शब्द देणं म्हणजे वकिलाने मौन पाळण्यासारखंच. पण इलाज नव्हता. गेल्या सुट्टीत त्यांनी हॉटेलातलं कपाट 'जरा बघतो' म्हणून सुटं केलं होतं आणि ते पुन्हा उभं राहीपर्यंत सुट्टी संपली होती.

"या वेळी हातात हत्यार दिसलं," बायको म्हणाली होती, "की मी बॅग उचलून ताईकडे. तुम्ही राहा एकटे तळं बघत."

ती बोलते ते करते. घरात एका तरी माणसाने तसं असावं लागतं.

निघताना तिने त्यांची बॅग तपासली. चष्म्याचं घर तेवढं तपासायचं राहिलं. त्यात चष्मा सोडून सगळं होतं.

डोंगरातल्या तळ्याकाठचा हा मुसाफिरखाना दीडशे वर्षांपूर्वी घोडे बदलणाऱ्या प्रवाशांसाठी बांधलेला. मधली पन्नास वर्षं तिथे फक्त वटवाघळं उतरत. मग एका मालकीणबाईंनी तो घेतला आणि होता तसा पुन्हा उभा केला. होता तसा म्हणजे अगदी तसाच. खोलीची जमीन तळ्याकडे कललेली होती. हातातून पेन पडलं की ते आपणहून देखावा बघायला खिडकीशी जाई. खिडकीच्या जुन्या काचेतून समोरचा डोंगर पोटात कळ आल्यासारखा वाकडा दिसे. नळ मात्र नवे होते. पूर्वजांविषयीचा आदर न्हाणीघराच्या दाराशी थांबला होता.

मिस्त्रींनी दीड दिवस कळ काढली. कललेली जमीन सोसली, डोंगर सोसला. पण जिन्याची नववी पायरी, जाता-येता, प्रत्येक वेळी, 'कुईंऽऽ' करायची. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकोचा डोळा लागला आणि मिस्त्रींनी चष्म्याचं घर उघडलं. एक पाचर, दोन स्क्रू, जेवणाच्या टेबलावरच्या मेणबत्तीचा तुकडा. दहा मिनिटांत पायरी गप्प. मिस्त्री तिच्यावर तीनदा उभे राहिले. तीनही वेळा त्यांना स्वतःचा अभिमान वाटला.

तेवढ्यात खालून मालकीणबाईंचा आवाज आला. त्या नव्या पाहुण्यांना सांगत होत्या, "पाच वाजता चहा झाला की तुम्हाला आमची नववी पायरी ऐकवते. दीडशे वर्षं बोलतेय ती! आम्ही सगळा जिना उतरवला, फळ्यांना नंबर घातले, पुन्हा चढवला. पहिल्यांदा पाय ठेवला तर गप्प! मी रडले हो. तीन महिने लागले तिला परत बोलती करायला."

मिस्त्रींनी घड्याळ बघितलं. सव्वाचार.

त्यांनी स्क्रू काढले. गप्प. पाचर काढली. गप्प. मेण खरवडून उडी मारली. पायरी ढिम्म. जन्मभर लोकांनी त्यांच्याकडे कुरकुर घालवायला आणली होती. आणायची कशी, हे कुणी विचारलं नव्हतं. ते फळी सैल करायला जात आणि हात सवयीने ती नीट बसवून मोकळा होई.

"अहो."

बायको जिन्याच्या डोक्यावर उभी होती. स्क्रूड्रायव्हर लपवायला मिस्त्रींना जागा सापडली नाही. ती खाली आली, नवव्या पायरीवर थांबली, एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली.

"सकाळी बोलत होती ही."

"हो."

"गप्प केलीत?"

"दहा मिनिटांत," मिस्त्री म्हणाले. म्हणायला नको होतं.

"माझी बॅग कुठाय?"

"तू जा, तुझा हक्कच आहे. पण त्या बाई पाच वाजता लोकांना घेऊन इथे उभ्या राहणार गं. हिच्यासाठी रडल्यात त्या. आणि मला काही केल्या वाईट काम जमत नाहीये."

बायकोने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "तुमचं एक काम कुरकुरायचं की. माझ्या भावाचा पलंग."

"तो तुझा भाऊ डोक्यावर बसला होता म्हणून! दर दोन मिनिटांनी आपलं 'झालं का?' वर मलाच लाकूड शिकवतोय!"

बायको वरच्या पायरीवर ऐसपैस बसली.

"झालं का?"

"अगं, आत्ता कुठे..."

"भावाचा हल्लीचा सुतार हे चुटकीसरशी करतो."

"तो? त्याला पटाशी कुठल्या बाजूने धरायची ते ठाऊक नाही!"

"माणूस गोड आहे पण. तो स्क्रू तिरका जातोय का हो?"

"मुळीच नाही!"

स्क्रू तिरका गेला.

"झालं का?"

"झालं!" मिस्त्री ओरडले आणि फळीवर मूठ आपटून बाजूला झाले. चाळीस वर्षांत एवढं टुकार काम त्यांच्या हातून झालं नव्हतं. बायकोने पाय ठेवला.

कुईंऽऽ.

पाच वाजता पायरीने पाहुण्यांची वाहवा मिळवली. मालकीणबाईंनी मान तिरकी केली. "आज जरा चढ्या आवाजात बोलतेय."

"पाहुणे बघून," बायको म्हणाली.

मग ती खोलीत गेली आणि बॅग घेऊन बाहेर व्हरांड्यात आली. मिस्त्री तळ्याकडे तोंड करून बसले होते. ती शेजारच्या खुर्चीत बसली. खुर्चीचा एक पाय आखूड होता. ती पुढे झाली, खुर्ची डुगडुगली. मागे झाली, पुन्हा डुगडुगली. तिने हे बराच वेळ केलं, एकदा तर उगीचच. मिस्त्रींच्या कपाळाची शीर उडत होती. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते.

"पाणी छान दिसतंय," ते शेवटी म्हणाले.

बायकोने बॅग उघडली, शाल काढली आणि खांद्यावर घेतली.

"आणा ते चष्म्याचं घर इकडे," ती म्हणाली. "आणि उद्या होडीत बसायचंय. होडीत काहीही हललं तरी ते हलायचंच असतं."