दुमड नसलेली बाजू

जडत्वाचा धडा बाबा एका कापडाने शिकवायचे. टेबलावर कापड, कापडावर पाण्याचा पेला. एक हिसका, की कापड त्यांच्या हातात आणि पेला जागच्या जागी. ते कापड शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात कुलपात असे. घरी त्यांनी ते कधी आणलं नाही.

ते गेल्यावर त्यांचे वर्ग माझ्याकडे आले, आणि कापडही. कळकट झालं होतं, म्हणून मी ते घरी नेलं. आईने धुऊन, इस्त्री करून दिलं.

तासाला मुलांना टेबलापासून लांब उभं केलं. पेला स्टीलचा, पाणी निम्मंच. मी कापड खेचलं. पेला आडवा, पाणी माझ्या पायांवर.

"मॅडम, सरांचा कधीच पडायचा नाही," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. टोमणा नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

"उद्या परत करू," मी म्हणाले.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कापड पसरलं. कडेवरून बोट फिरवलं, तर अडलं. चारही बाजूंना बारीक दुमड, वर नेटकी टीप.

"आई, हे तू शिवलंस?"

"मग! दशा लोंबत होत्या. ह्यांना जन्मभर सांगत होते, घरी आणा, टीप मारून देते. ऐकतील तर शपथ!"

"अगं, दुमड पेल्याला अडते. साधी कड खालून सुळकन निघते."

आईने स्वतःच्या टिपेवरून बोट फिरवलं. मग हसली. "सांगायचं तरी! मला वाटायचं, माझ्या शिवणावर माणसाचा विश्वास नाही." तिने चष्मा लावला, सुई घेतली. "सगळी उसवू?"

मी पेला ठेवून पाहिलं. बाजूच्या कडा त्याच्याखालून जात नव्हत्या. माझ्याकडची तर हातातच होती.

"फक्त पलीकडची."

दुसऱ्या दिवशी कापड खाली, सरळ, झटक्यात ओढलं. पाणी हललं. पेला उभा.

"का नाही पडला?"

"कापड कधी गेलं, त्याला कळलंच नाही!" तीच मुलगी.

"स्थिर वस्तू स्थिरच राहू पाहते. तिला हलवायला कापडाला पुरेसा वेळच मिळाला नाही," मी म्हणाले. बाबांचंच वाक्य होतं. आवाज नीट निघाला.

घरी आई दारातच उभी. "राहिला?"

"राहिला."

"म्हणजे तेव्हाही तीन बाजू मला शिवता आल्या असत्या," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.