शेऱ्याचा रकाना

"पहिली मुलगी आहे की तुमची. सोळा महिने पुरे झाले तिला, बूस्टर राहिलाय. आज का नाही आणलं?"

पूनम सिस्टर संगणकाच्या पडद्याकडे बघत बोलत होत्या. खुटबावच्या उपकेंद्रात त्या बदलून आल्याला जेमतेम तीन महिने झाले होते. मी नवीन गरोदरपणाची नोंद करायला गेले होते, अकरावा आठवडा चालू होता. त्यांनी माझा मोबाईल नंबर टाकला आणि जुनी नोंद आपोआप उघडली.

लसीकरणाचा दिवस होता. बाकावर चार बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. आमच्या गावच्या आशा सेविका नकुशीताई लसींचा डबा उघडत होत्या. त्यांचा हात तसाच थांबला.

"सिस्टर, जरा भाईर येता का?"

"थांबा हो, एवढं भरून घेते."

"मुलगी नाही," मी म्हणाले. "तिसाव्या आठवड्यात ती पोटातच गेली. शिरूरला, माझ्या माहेरी. माझं बीपी वाढलं होतं."

सिस्टरांनी की-बोर्डवरचे हात काढले. मग त्यांनी पडदा माझ्या बाजूला वळवला, बाकावरच्या बायकांना दिसणार नाही असा.

बेबी ऑफ तेजश्री. लिंग, स्त्री. पूर्ण दिवसांची नैसर्गिक प्रसूती. वजन २५०० ग्रॅम. सद्यस्थिती, जिवंत.

मी दोनदा वाचलं. वाईट वाटायला थोडा वेळ लागला, कारण आधी आकडा डोळ्यांत भरला. मी चौफुल्याजवळच्या एका दूध संकलन केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. इतका गोल आकडा आला की आम्ही समजतो, कुणी काही मोजलेलंच नाही. जन्मतारीखही तशीच होती. पहिल्या सोनोग्राफीवर जी अपेक्षित तारीख छापून आली होती, तीच.

"मला म्हाईत व्हतं," नकुशीताई खालच्या आवाजात म्हणाल्या. "पयल्या डोसच्या यादीत नाव आलं तवाच जुन्या सिस्टरला सांगितलं. त्या म्हनल्या, वरनं बदलावं लागतंय, बघू. मग त्यांचीच बदली झाली. यादी तर दर महिन्याला येती. तुमच्या दारात कुठल्या तोंडानं येऊ?"

त्यांनी आपली वही पुढे केली. माझ्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात महिन्यामागून महिना एकच शब्द होता. 'माहेरी'. 'माहेरी'. 'माहेरी'.

"अहो ताई, सोळा महिने कोण माहेरी राहतं?" पूनम सिस्टर म्हणाल्या.

"वर कोन वाचतंय व्हय?"

मला हसू आलं. सिस्टरांनाही आलं असावं, पण त्यांनी ते आवरलं आणि कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात ओटी भरली की सून जाते आणि इकडच्या रजिस्टरमधली तिची ओळ अर्धवट राहते. दिवस भरले की सिस्टर फोन करून ती पुरी करतात. माझी ओळ पुरी होती. शेवटी शेरा होता: 'सासूंनी फोनवर सांगितले.'

मी ते बोटाखाली धरून पुन्हा वाचलं.

"हे बघा," सिस्टर म्हणाल्या, "दोन मार्ग आहेत. डुप्लिकेट म्हणून ही नोंदच काढून टाकता येते. दोन मिनिटांचं काम. तुम्ही आज पहिलटकरीण म्हणून लागाल. दुसरा मार्ग म्हणजे दुरुस्ती. त्याला दौंडला तालुका कार्यालयात अर्ज, दवाखान्याचे कागद आणि ज्यांनी माहिती दिली त्यांचा लेखी जबाब लागतो. पंधरा दिवस तरी जातील."

"दुरुस्ती," मी म्हणाले.

त्यांना कारण सांगावं लागलं नाही. त्यांनी स्वतःहूनच कार्डावरचा कोपरा दाखवला, जिथे अतिजोखमीच्या मातेला लाल शिक्का मारतात. माझं बीपी पुन्हा वाढू शकतं. बाराव्या आठवड्यापासून एक गोळी सुरू करावी लागते आणि मोजमापं जास्त वेळा घ्यावी लागतात. एरवी मी हे तोंडाने सांगेन. पण बीपीने झटका आला तर माझं तोंड चालणार नाही, त्या वेळी माझ्या वतीने कार्डच बोलेल. ते कार्ड 'मागचं बाळंतपण सुखरूप' म्हणालं किंवा 'मागचं काही नाही' म्हणालं, तरी धोका तेवढाच होता.

याशिवाय दुसरंही एक कारण होतं, ते मी बोलले नाही. ती झाली होती. मी तिला हातात घेतलं होतं.

पूनम सिस्टरांनी टेबलाच्या खणातून व्हाइटनरची बाटली काढली. "रजिस्टरवर तर आत्ताच करून टाकू."

"व्हाइटनर नको," मी म्हणाले. "एकच रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर ते लिहा, सही करा, तारीख घाला."

"तुम्ही ऑडिटवाल्या आहात का?"

"दुधात तसंच करतो."

त्यांनी पट्टी घेऊन सरळ रेघ मारली.

घरी आले तेव्हा माझ्या सासूबाई ओट्यावर घेवडा निवडत बसल्या होत्या. त्यांचं नाव सारजाबाई, मी त्यांना आत्या म्हणते. मी शेजारी बसून शेंगा मोडायला घेतल्या.

"आत्या, मी शिरूरला होते तेव्हा जुन्या सिस्टरांचा फोन आला होता का?"

त्यांचे हात चालूच होते. "आल्ता."

"काय विचारलं त्यांनी?"

"काय झालं, म्हनल्या. म्हनलं, मुलगी झाली." एक शेंग मोडली. "वजन किती? म्हनलं, तुमीच लिवा काय ते. मग म्हनल्या, दोघी बऱ्या हायती ना?" त्यांनी मोडलेल्या शेंगेचे दोर काढले, पुन्हा एकदा काढले. "तेजू, मला तोंडातनं निघंना. म्हनलं, व्हय, बऱ्या हायती. आन् फोन ठिवला. मागनं वाटलं, पुन्यांदा लावावा. मग म्हनलं ऱ्हाऊ दे. एका जागी तरी बरी ऱ्हाऊ दे."

दीड वर्षात या घरात तिच्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. मला वाटायचं, आत्यांना ती गोष्ट मिटवायची आहे. मी माहेरून परत आले त्या दिवशी त्यांनी पाळण्याच्या दोऱ्या सोडून ठेवल्या होत्या, ते मी माझ्या हिशोबात तसं धरलं होतं.

"आज उपकेंद्रात ते निघालं," मी म्हणाले.

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "काढनार व्हय तिला आता?"

उत्तर द्यायच्या आत माझे यजमान, विश्वजीत, उसाला पाणी लावून आले. हातपाय धुता धुता त्यांनी सगळं ऐकलं.

"काढून टाकू दे की," ते म्हणाले. "दोन मिनिटांचं काम हाय ना? कशाला दौंड, कशाला अर्ज? पुन्हा तेच तेच चार लोकांना सांगत बसायचं."

ते वाईट मनाने बोलले नव्हते. त्यांना ते सांगणं जमत नाही, एवढंच.

"का रं?" आत्या म्हणाल्या. "तिनं चोरी केलीय व्हय? तुझी धाव्वीची मार्कलिस्ट अजून ट्रंकंत हाय माझ्या. गनितात काय दिवं लावलंत ते लिवलंय तिच्यात. ती फाडली का म्या कवा?"

"आये, त्याचं काय इथं?"

"त्येच म्हनते. तुझं एवढं जपून ठिवलं, आन् हिचं काढायचं व्हय?"

विश्वजीत माझ्याकडे बघायला लागले. मी शेंगांकडे बघितलं, नाहीतर हसले असते.

"काढायची नाही, आत्या," मी म्हणाले. "नीट लिहायची. पण तुम्हाला दौंडला यावं लागेल. जबाब द्यायला."

त्यांनी पदराला हात पुसले. "कंच्या वारी?"

रविवारी आम्ही दोघं कागदांसाठी शिरूरला गेलो. गावात शिरल्यावर त्या दवाखान्यावरून जाणारा रस्ता विश्वजीत नेहमी टाळतात आणि बाजार समितीकडून वळसा घालतात. त्या दिवशी मी काही म्हणाले नाही, तरी त्यांनी गाडी सरळ नेली. दवाखान्याला नवा निळा रंग दिला होता. "बरा दिसतोय," ते म्हणाले. मी हो म्हणाले.

माझ्या वडिलांनी फाईल टेबलावर काढूनच ठेवली होती. डिस्चार्ज कार्ड, बीपीचा तक्ता आणि नगरपरिषदेत त्यांनी स्वतः जाऊन केलेली मृतजन्माची नोंद. वजन ११४० ग्रॅम. तो आकडा खरा होता. त्यांनी त्या कागदाला प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. मी त्यांना कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही दाखवलं नव्हतं. आईने जेवायला वाढलं, आमटीत मीठ कमी पडलं म्हणून विश्वजीतना दोनदा सॉरी म्हणाली, आणि त्यांनी दोन वाट्या पिऊन दाखवल्या.

बुधवारी आत्या आणि मी सकाळच्या गाडीने दौंडला गेलो. तालुका कार्यालयात रोहिदास नावाचे लिपिक होते, साधारण माझ्याच वयाचे. त्यांनी कागद लावून घेतले, तारखा जुळवल्या, आणि एक कोरा कागद पुढे सरकवला.

"माहिती कुणी दिली होती?"

"म्या," आत्या म्हणाल्या. "लिवायचं हिला सांगते. सही माझी येती."

मी पेन उघडलं. "सांगा, आत्या."

"लिव. म्या खोटं सांगितलं."

"चुकीची माहिती दिली, असं लिहू?"

"चूक मानूस न कळता करतंय. मला समदं कळत व्हतं. खोटं लिव."

रोहिदास अवघडले. "आजी, एवढं कडक लागत नाही ओ. 'अनवधानाने' लिहा. सगळे तेच लिहितात."

"ते काय असतंय?"

"म्हणजे... तेव्हा लक्ष नव्हतं."

"लक्ष न्हवतं?" आत्या खुर्चीत सरळ बसल्या. "आवो दादा, माझं समदं लक्ष तिथंच व्हतं. दुसरीकडं कुठंच न्हवतं."

शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी शिक्का मारायचा थांबवला. मग त्या उठल्या आणि आत्यांसमोर पाण्याचा पेला ठेवून पुन्हा जागेवर गेल्या.

शेवटी मी लिहिलं: 'माझी नात मृत जन्मली होती. मला ते माहीत होते. फोनवर मला ते सांगता आले नाही, म्हणून मी ती बरी आहे असे सांगितले. आता खरे सांगत आहे.' मी वाचून दाखवलं. आत्यांनी 'नात' या शब्दावर बोट ठेवायला सांगितलं, तो कुठे आहे ते बघितलं आणि खाली सही केली. प्रत्येक अक्षर सुटं, मधे भरपूर जागा सोडून.

"चालेल का असं?" मी विचारलं.

"चालेल," रोहिदास म्हणाले. "साहेबांना मी समजावतो."

परतीच्या गाडीला तास होता. स्टेशनाबाहेर आम्ही मिसळ खाल्ली. आत्यांनी माझ्या वाटीतली तर्री काढून आपल्यात ओतून घेतली, बीपीला बरी नाही म्हणून. मग म्हणाल्या, "नाक कुनावर गेलं व्हतं गं तिचं? म्या बघितलंच न्हाई. तुझा बाप म्हनला, बघा, म्या म्हनलं नगं."

"तुमच्यावर," मी म्हणाले. "थोडं पसरट."

"आगं आई गं," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या, डोळे पुसले, आणि पाव आणखी एक मागितला.

पुढच्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा आत्या बरोबर आल्या. गोळी मी बाराव्या आठवड्याच्या पहिल्या दिवसापासून घेत होते, पूनम सिस्टरांनी तेवढं डॉक्टरांना विचारून आधीच लिहून आणलं होतं. आता त्यांनी पडदा उघडला आणि एकेक ओळ मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात वाचली. दुसरी खेप. मागील प्रसूती, तिसावा आठवडा. मृतजन्म, स्त्री, ११४० ग्रॅम. कारण, गरोदरपणातला उच्च रक्तदाब. जिवंत अपत्ये, शून्य.

"बरोबर?"

"बरोबर."

त्यांनी कार्डाच्या कोपऱ्यात लाल शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत कार्ड उघडंच ठेवलं. मग दंडाला पट्टा बांधला. एकशे बारा, बहात्तर. तोही आकडा गोल नव्हता, मला आवडला.

"छान आहे. आता या बाळाचं सांगा. सकाळी मळमळ होते का? जेवण जातंय?"

"मळमळ होते. जेवण जातं, थोडं थोडं."

"थोडं थोडं?" आत्या बाकावरून म्हणाल्या. "सिस्टर, ठेचा खाती चोरून. मीठ किती असतंय त्यात! लिवा ते."

"खरंच?" सिस्टरांनी विचारलं.

"दोनदाच," मी म्हणाले.

"चारदा," आत्या म्हणाल्या.

सिस्टरांनी पेन उचललं आणि आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघितलं.

"चारदा लिहा," मी म्हणाले.